हार्ड डिस्क नक्की कोणाला दिसत नाही? एका जुन्या डेस्कटॉपचं प्रकरण

यंत्र २००९ च्या सुमाराचं. कोअर २ ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर२ रॅम, मदरबोर्डवर इंटेलची आयसीएच१०आर साउथब्रिज चिप (डिस्कचा कंट्रोलर हिच्यातच असतो), ५०० जीबीची साडेतीन इंची साटा हार्ड डिस्क. यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम म्हणजे जुना बायोस, नवं यूईएफआय नाही. विंडोज त्यावर नीट चालत होती, पण तिचे अपडेट बंद झाले होते, म्हणून लिनक्स टाकायचं ठरलं. महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. पेन ड्राइव्हवरून डेबियन घराण्यातल्या एका ६४-बिट वितरणाचं (लिनक्सच्या तयार संचाचं) लाइव्ह सत्र, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणारं लिनक्स, सुरू झालं. माउस, कीबोर्ड, नेटवर्क सगळं पहिल्या फटक्यात चाललं आणि इन्स्टॉलर डिस्क निवडायच्या पानावर येऊन अडला. यादीत एकच नाव होतं, ज्यावरून यंत्र सुरू झालं त्या पेन ड्राइव्हचं.

निदान सुरू होण्याआधी बरेच उपाय करून झाले होते. पेन ड्राइव्ह तीनदा नव्याने लिहिला. दुसरं वितरण आणून पाहिलं. साटा केबल बदलली. बायोसमध्ये साटा मोड रेड (अनेक डिस्क जोडून एकत्र वापरण्याची पद्धत) होता, तो एएचसीआय (सुट्या साटा डिस्कचा नेहमीचा मोड) केला. त्यावर विंडोज निळ्या पडद्यावर ७बी हा एरर दाखवून बंद पडली, तेव्हा डिस्कच खराब झाल्याचा समज झाला. शेवटी विंडोजच्या डीव्हीडीने सगळी पार्टिशनं पुसून एक नवं पार्टिशन बनवलं आणि ते फॉरमॅटही केलं. विंडोजच्या डीव्हीडीला डिस्क दिसली, तिने ती फॉरमॅट केली, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरची यादी होती तशीच राहिली.

यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर लागू पडतोच. फक्त इथे तो बिघाड नव्हता. आणि त्यातल्या एका उपायाने तर सगळ्यात ठळक पुरावाच नजरेआड केला. ते पुढे येईलच.

तक्रार कोणाची?

डिस्क दिसत नाही, असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणाला दिसत नाही? डिस्क वीज घेऊन फिरायला लागते, कंट्रोलरशी तिचं बोलणं सुरू होतं, बायोस तिची नोंद घेतो, मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतःच्या ड्रायव्हरने तिला नव्याने शोधतो आणि सगळ्यात शेवटी इन्स्टॉलर आपल्या नियमांनी ठरवतो की ही डिस्क वापरकर्त्यासमोर ठेवायची की नाही. यातली कुठलीही पायरी चुकली तरी इन्स्टॉलरच्या पडद्यावर दिसणारं चित्र तेच, रिकामी यादी.

या पायऱ्या एकमेकींवर वाटतात तितक्या अवलंबून नाहीत. कर्नल बायोसकडून डिस्कची यादी मागून घेत नाही, तो कंट्रोलरशी थेट बोलतो. त्यामुळे बायोसला पेलत नसलेली मोठी डिस्क लिनक्सला पूर्ण दिसू शकते. उलट बायोसमध्ये मॉडेल नंबरासकट झळकणारी डिस्क इन्स्टॉलरच्या यादीत नसते, असंही होतं. म्हणून डिस्क कोणत्या पायरीवर हरवली हे कळेपर्यंत केबल, मोड, पार्टिशन यांतल्या कशालाच हात लावू नये. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं हे नंतर उलगडत नाही. या प्रकरणातला निम्मा वेळ तिथेच गेला.

बायोसची पायरी

इथे बायोसला डिस्क दिसत होती. सेटअपच्या मुख्य पानावर साटा पोर्ट १ पुढे मॉडेल आणि क्षमता दोन्ही बरोबर होतं. तारीख-वेळही बरोबर होती, म्हणजे सीआर२०३२ सेल जिवंत होता. जुन्या यंत्रात हे आवर्जून पाहावं. सेल संपला असेल तर वीज पूर्ण तोडल्यावर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, साटा मोड आपोआप बदलतो आणि काल दिसणारी डिस्क आज दिसेनाशी होते.

बायोसलाच डिस्क दिसली नसती तर लिनक्सकडे वळायचं कारणच नव्हतं. अशा वेळी कॅबिनेट उघडावं. डिस्कवर हलका हात ठेवून ती फिरते का ते जाणवतं. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) १२ व्होल्टची लाइन गेली तर पंखे घरघरत राहतात पण डिस्क गप्प बसते. अडीच इंची लॅपटॉप डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते. ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर पुढचे प्रयोग थांबवून आधी डेटाचा विचार करावा, कारण प्रत्येक नव्या सुरुवातीनिशी नुकसान वाढू शकतं.

त्यानंतर पोर्ट. त्या काळच्या अनेक बोर्डांवर दोन रंगांचे साटा सॉकेट असतात. एका रंगाचे साउथब्रिजला जोडलेले, दुसऱ्या रंगाचे जेमायक्रॉनसारख्या वेगळ्या चिपला. इंटेलने आयसीएच८ पासून जुना पाटा (साटाच्या आधीच्या रुंद केबलचा) पोर्ट साउथब्रिजमधून काढला, म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी ही जादाची चिप बसवली. तिला बायोसमध्ये स्वतंत्र चालू-बंद सेटिंग असतं आणि ते बंद असेल तर तिच्या सॉकेटमधली डिस्क कोणालाच दिसत नाही. डिस्क साउथब्रिजच्या पहिल्या सॉकेटमध्ये हलवणं ही दोन मिनिटांची चाचणी आहे.

त्याहून जुन्या यंत्रात आणखी एक गंमतशीर अडचण येते. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या पहिल्या पिढीच्या साटा चिप १.५ गिगाबिटवर चालतात आणि ३ गिगाबिटची डिस्क जोडली की दोघांत वेग ठरवण्याची बोलणी फिसकटते. डिस्क चांगली, केबल चांगली, तरी बायोसला काहीच दिसत नाही. त्या पिढीच्या पुष्कळ डिस्कवर पॉवर सॉकेटच्या शेजारी छोट्या पिन असतात. लेबलवर दाखवलेल्या जोडीवर जंपर बसवला की डिस्क १.५ गिगाबिटवर बांधली जाते आणि लगेच दिसते. कोणत्या पिन, हे कंपनीगणिक बदलतं, लेबल वाचूनच जंपर लावावा.

पाटा डिस्क असेल तर मास्टर-स्लेव्ह जंपर आणि केबल दोन्ही तपासावेत. ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. एकच डिस्क असेल तर ती काळ्या टोकावर. एकाच केबलवर दोन मास्टर झाले की बहुतेक वेळा दोन्ही गायब होतात.

या प्रकरणात यातलं काहीच नव्हतं, म्हणून केबल बदलूनही काही घडलं नाही. बायोसपर्यंतचा रस्ता मोकळा होता.

कर्नलची पायरी

लाइव्ह सत्रात टर्मिनल उघडून आधी डीमेसेज ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवली आणि तिच्या लांबलचक मजकुरातून 'एटीए' शब्दाच्या ओळी गाळून घेतल्या. हवी ती ओळ मिळाली: एटीए१, साटा लिंक अप, ३.० जीबीपीएस, एसस्टेटस १२३, एसकंट्रोल ३००. एसस्टेटसच्या तीन अंकांतला मधला अंक वेग सांगतो. १ म्हणजे १.५, २ म्हणजे ३ आणि ३ म्हणजे ६ गिगाबिट. शेवटचा ३ म्हणजे दोन्ही बाजूंचं बोलणं पक्कं झालं. त्याखाली डिस्कचं मॉडेल आणि ९७६७७३१६८ सेक्टर, ५१२ बाइटांचे. ५०० जीबीच्या डिस्कचा हा नेहमीचा आकडा.

इथे 'लिंक डाउन, एसस्टेटस ०' आलं असतं तर पुन्हा वीज, केबल आणि पोर्टकडे जावं लागलं असतं. 'कॉमरिसेट फेल्ड' किंवा 'फेल्ड टू आयडेंटिफाय' अशा ओळी वारंवार येत असतील तर डिस्क जोडलेली आहे पण उत्तर देत नाही. तेव्हा केबल बदलून पाहावी आणि तरी फरक नसेल तर डिस्कचं सर्किट किंवा हेड गेलंय असं धरावं. एटीए ओळीच नसतील तर कंट्रोलरला ड्रायव्हर मिळालेला नाही.

ते पाहण्यासाठी एलएसपीसीआय ही कमांड -एनएन आणि -के हे दोन पर्याय लावून चालवावी. प्रत्येक चिपचा क्रमांक आणि तिला लागलेला ड्रायव्हर त्यात दिसतो. या बोर्डावर रेड मोडमध्ये कंट्रोलरचा क्रमांक ८०८६:२८२२ येतो आणि एएचसीआय मोडमध्ये ८०८६:३ए२२. ड्रायव्हर मात्र दोन्ही वेळा एकच, एएचसीआय. जुना आयडीई मोड ठेवला तर ड्रायव्हर बदलून एटीए_पीक्स होतो.

म्हणजेच 'बायोसमध्ये रेड असेल तर लिनक्सला डिस्क दिसत नाही, एएचसीआय करा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला या पिढीच्या साटा डिस्कला जसाच्या तसा लागू होत नाही. तो सल्ला खरा ठरतो तो बऱ्याच पुढच्या लॅपटॉपांवर, जिथे इंटेलची रेड योजना एनव्हीएमई एसएसडीला आपल्या मागे झाकून ठेवते. तिथे कर्नल स्वतःच सांगतो की रिमॅप झालेली एनव्हीएमई साधनं सापडली आहेत, बायोसमध्ये मोड बदला. २००९ च्या बोर्डावर साटा डिस्क रेड मोडमध्येही कर्नलला दिसते. मोड बदलल्यामुळे इथे एकच गोष्ट घडली. इंटेलचा रेड ड्रायव्हर धरून बसवलेली विंडोज सुरू होईना. ७बी हा एरर म्हणजे विंडोजला आपल्या बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही, डिस्क बिघडली असा त्याचा अर्थ नाही.

शेवटी एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड. तिने एसडीए (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) दाखवलं, आकार ४६५.८जी. ५०० जीबी हा दशमान हिशेब आणि ४६५.८ हा १०२४ च्या पटीतला, त्यात काही हरवलेलं नाही. कर्नलला डिस्क पूर्ण दिसत होती. मग राहिला एकटा इन्स्टॉलर.

डिस्कच्या शेपटीवरची खूण

आता बायोसचा मोड मुद्दाम पुन्हा मूळचा, म्हणजे रेड केला, कारण यंत्र जसं होतं तसंच तपासायचं होतं. यंत्र सुरू होताना मध्येच एक काळा पडदा चार-पाच सेकंद थांबला. इंटेल मॅट्रिक्स स्टोरेज मॅनेजर. वर रेड व्हॉल्यूमची एक ओळ: रेड १, स्थिती डिग्रेडेड, म्हणजे जोडी अपुरी. खाली डिस्कच्या यादीत आपली डिस्क आणि तिच्यापुढे 'मेंबर डिस्क'. साध्या डिस्कपुढे तिथे 'नॉन-रेड डिस्क' असं असतं. हाच तो पुरावा. एएचसीआय मोड केल्यावर हा पडदा येणंच बंद झालं होतं.

या यंत्रात पूर्वी दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये होत्या. एक काढून घेतली गेली, दुसरी राहिली. मिररमध्ये दोन्ही डिस्कवर संपूर्ण डेटा असतो, म्हणून एकट्या डिस्कवर विंडोज बिनबोभाट चालत राहिली. आपण जोडीतला एक भाग आहोत, ही नोंद मात्र डिस्कवर तशीच होती.

लाइव्ह सत्रात एलएसबीएलके -एफ ने एसडीएच्या प्रकारात आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर दाखवलं. आयएसडब्ल्यू म्हणजे इंटेलच्या सॉफ्टवेअर रेडची खूण. प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट ही फाइल वाचली, तर तीत एक ओळ होती (एमडी१२७ हे लिनक्सने रेडच्या जोडणीला दिलेलं नाव): एमडी१२७, इनॅक्टिव्ह, एसडीए[०](एस), सुपर एक्स्टर्नल:आयएमएसएम. लिनक्सने ती खूण वाचून रेडची जोडणी सुरू केली, दुसरी डिस्क सापडेना म्हणून अर्धवट सोडून दिली आणि एसडीए त्या अर्धवट जोडणीच्या ताब्यात राहिली. रेडच्या ताब्यातली सुटी डिस्क इन्स्टॉलर मुद्दाम यादीतून वगळतो. तो चुकत नाही. चालू रेडमधली एक डिस्क कोणी वेगळी फॉरमॅट करू नये, यासाठीच हा नियम आहे. आणि एएचसीआय मोडमध्येही यादी रिकामीच राहिली, कारण खूण बोर्डावर नसून डिस्कवर असते आणि ती वाचून डिस्क बाजूला ठेवणाऱ्या साधनांना बायोसच्या मोडशी देणंघेणं नसतं.

फॉरमॅट करूनही ही खूण का गेली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. इंटेल ही नोंद डिस्कच्या शेवटून दुसऱ्या सेक्टरमध्ये ठेवतं. या डिस्कवर सेक्टर शून्यापासून ९७६७७३१६७ पर्यंत मोजले जातात, म्हणजे नोंद ९७६७७३१६६ वर. डीडी कमांडने ५१२ बाइटांचा गट धरून, तितके गट ओलांडून फक्त एक गट वाचला आणि हेक्सडंपमध्ये पाहिला, तर सुरुवातीलाच साधी वाचता येणारी अक्षरं निघाली: 'इंटेल रेड आयएसएम सीएफजी सिग.' आणि थोडं पुढे डिस्कचा सिरियल नंबर. (डीडी वापरताना वाचायची जागा आणि लिहायची जागा यांची अदलाबदल झाली तर डिस्क पुसली जाते. कमांड दाबण्याआधी एकदा वाचूनच घ्यावी.)

जुन्या बायोसच्या यंत्रावर विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने पार्टिशन बनवते. एमबीआरचा तक्ता पहिल्या सेक्टरमध्ये असतो, शेवटचं पार्टिशन डिस्कच्या टोकाला सुमारे १ एमबी मोकळी सोडून संपतं आणि फॉरमॅट पार्टिशनच्या आतच होतं. म्हणजे कितीही वेळा पुसा, फॉरमॅट करा, शेपटीकडच्या त्या सेक्टरला कोणी शिवतच नाही. डिस्कच्या सुरुवातीच्या शे-दोनशे एमबीवर शून्य लिहिण्याचा उपायही याच कारणाने वाया जातो. जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीची गोष्ट वेगळी. तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत असते आणि नवा जीपीटी तक्ता लिहिताना नेमका हाच सेक्टर ओव्हरराइट होतो. म्हणून सारखंच दुखणं असलेल्या दोन यंत्रांपैकी एक जीपीटी केल्यावर बरं झालं आणि दुसरं एमबीआरवर अडून राहिलं, असं घडू शकतं.

खूण काढणं

त्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी. पहिली, डिस्कवरचा हवा तो डेटा दुसरीकडे आहे का. दुसरी, ही रेड खरोखरच सोडून दिलेली आहे का. दोन डिस्क अजून जोडलेल्या असतील, विंडोज त्या रेडवर चालत असेल आणि शेजारी लिनक्स टाकायचं असेल, तर खूण पुसणं हा उपाय नव्हे. तिथे एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या कमांडने रेड पूर्ण जोडून घेऊन तयार झालेल्या एमडी साधनावर लिनक्स टाकावं लागतं. रेड ० असेल तर आणखी जपून, कारण प्रत्येक डिस्कवर डेटाचे फक्त अर्धे तुकडे असतात आणि एका डिस्कवरची खूण गेली की दोन्ही निरुपयोगी दिसायला लागतात.

डिस्कची तब्येतही आधीच पाहून घेतली. स्मार्टसीटीएल -ए ने मिळणाऱ्या यादीत ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बदली केलेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर. दोन्हींचा मूळ आकडा शून्य होता. १९९ ही नोंद केबलवरच्या चुकांची असते. तिचा आकडा शून्य नव्हता, पण हा आकडा कधीच मागे जात नाही. तो लिहून ठेवायचा आणि पुढे वाढतो का एवढंच पाहायचं. वाढत नसेल तर त्या चुका जुन्या केबलच्या काळातल्या.

वाइपएफएस ही कमांड कोणताही पर्याय न देता एसडीएवर चालवली की ती काहीही न पुसता फक्त खुणांची यादी दाखवते. इथे दोन निघाल्या. ५१० व्या बाइटवर 'डॉस', म्हणजे विंडोजने बनवलेला एमबीआर तक्ता, आणि डिस्कच्या टोकाला आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर. यादी पाहिल्याशिवाय पुसायला जाऊ नये. लाइव्ह सत्रात पेन ड्राइव्ह एसडीए आणि हार्ड डिस्क एसडीबी असणं अगदी नेहमीचं आहे. नावापेक्षा आकार आणि मॉडेल पाहून डिस्क ओळखावी.

पहिला प्रयत्न फसला. पुसायची कमांड 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून परत आली, कारण एमडी१२७ ने डिस्क धरून ठेवली होती. इथे पुष्कळ जण वाइपएफएसला जबरदस्तीचा -एफ पर्याय लावतात. तसं करू नये. आधी एमडीएडीएमला --स्टॉप सांगून एमडी१२७ थांबवायचं, एमडीस्टॅट पुन्हा वाचून ती ओळ गेल्याची खात्री करायची. जुन्या वितरणांत हेच काम डीएमरेड करत असे. तिथे डीएमरेड -एएन ने जोडण्या सोडवाव्या लागतात.

मग वाइपएफएसला तीन पर्याय दिले: -ए म्हणजे पुसायचं, -टी आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर म्हणजे फक्त याच प्रकारची खूण, आणि --बॅकअप. शेवटच्या पर्यायामुळे पुसलेल्या बाइटांची प्रत होम फोल्डरात राहते आणि चूक झालीच तर ती परत लिहिता येते. लाइव्ह सत्राचं होम फोल्डर रॅममध्ये असतं, यंत्र बंद झालं की प्रतही जाते, म्हणून ती फाइल लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवली. -टी न देता -ए वापरलं असतं तर एमबीआरचीही खूण गेली असती. इथे ते चाललं असतं, पण ज्यांना पार्टिशनं राखायची आहेत त्यांनी -टी विसरू नये.

काम सेकंदाच्या आत झालं. पूर्ण डिस्कवर शून्य लिहूनही हेच साधलं असतं, पण सेकंदाला ८० एमबी धरले तरी त्याला पावणेदोन तास लागतात आणि जुन्या डिस्कला विनाकारण ताण. इंटेलच्या त्या काळ्या पडद्यावर कंट्रोल आणि आय दाबून आत गेल्यावर 'रिसेट डिस्क्स टू नॉन-रेड' असा पर्याय असतो, तोही वैध आहे. फक्त तिथे प्रत राहत नाही आणि बायोस एएचसीआयवर असेल तर तो पडदाच येत नाही.

बूट करताना कर्नलच्या ओळीला नोडीएमरेड शब्द जोडूनही डिस्क यादीत येऊ शकते. चाचणी म्हणून तो चांगला. त्यावर भागवून इन्स्टॉल मात्र करू नये. खूण डिस्कवर राहतेच आणि नवं बसवलेलं लिनक्स पुढे कधीतरी, बहुधा एखाद्या अपडेटनंतर, तीच जोडणी पुन्हा करू पाहतं.

यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर व्हॉल्यूमची ओळ नव्हती आणि डिस्कपुढे 'नॉन-रेड डिस्क' आलं. मग बायोसमध्ये मोड एएचसीआय केला. हा बदल इन्स्टॉल करण्याआधीच करणं बरं. नंतर आयडीईवरून एएचसीआय केलं आणि प्रणालीची इनिट-रॅम प्रतिमा (बूट होताना ड्रायव्हर पुरवणारी फाइल) फक्त चालू ड्रायव्हरपुरती बनवलेली असेल, तर ती बूटच होत नाही. आता इन्स्टॉलरच्या यादीत पेन ड्राइव्हच्या खाली ५०० जीबीची डिस्क होती.

खूण इंटेलचीच असेल असं नाही. एनव्हीडिया, व्हीआयए, सिलिकॉन इमेज, प्रॉमिस, जेमायक्रॉन या सगळ्यांच्या बोर्ड-रेडच्या खुणा अशाच मागे राहतात आणि वाइपएफएस त्या ओळखतं. झेडएफएस या फाइलप्रणालीची लेबलं तर चार असतात, दोन डिस्कच्या सुरुवातीला आणि दोन शेवटी. काही इन्स्टॉलर आयएसओ९६६० ही (सीडी-प्रतिमेची) खूण असलेली डिस्कही वगळतात, कारण त्यांना ते लाइव्ह माध्यम वाटतं. कोणी चुकून हार्ड डिस्कवरच आयएसओ लिहिली असेल तर यादी अशीच रिकामी येते.

ग्रब कुठे बसतो

डिस्क दिसली म्हणजे काम संपलं असं नाही. जुन्या बायोसवर ग्रब हा बूटलोडर पूर्ण डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा असतो, पार्टिशनमध्ये नाही. यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर पुष्कळदा पेन ड्राइव्ह एसडीए ठरतो आणि ग्रबची सुचवलेली जागा तीच असते. तशीच ठेवली तर पेन ड्राइव्ह काढल्यावर यंत्र 'बूट डिव्हाइस नाही' म्हणतं आणि पुन्हा सगळे डिस्ककडे संशयाने बघायला लागतात. इथेही पुन्हा सुरू केल्यावर नावं बदलून हार्ड डिस्क एसडीबी झाली होती, ग्रब तिथे बसवला. एमबीआर तक्ता ठेवल्यामुळे वेगळं काही लागलं नाही. जीपीटी केलं असतं तर ग्रबसाठी १ एमबीचं, बायोस-ग्रब असा झेंडा लावलेलं, फॉरमॅट न केलेलं छोटं पार्टिशन आधी बनवावं लागलं असतं.

मिररमधून काढलेली दुसरी डिस्क अजून कुठेतरी आहे आणि तिच्या शेपटीवर तीच खूण आहे. ती साठवणीसाठी याच यंत्रात परत लावायची झाली, तर मोड एएचसीआयच ठेवावा. बोर्ड रेड मोडमध्ये असेल तर कंट्रोलर तिला मिररचा उरलेला भाग मानतो. डिस्क लावून यंत्र लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करावं, वाइपएफएसची यादी पाहावी, सिरियल नंबर ताडून घ्यावा आणि तिचीही खूण प्रत ठेवून काढावी. त्यानंतरच हार्ड डिस्कवरचं लिनक्स सुरू करावं.